पाऊस तोच, मग जंगल वेगळे का?

प्रश्न: ॲमेझॉनच्या खोऱ्यात जवळजवळच्या भागांत पाऊस आणि उष्णता सारखीच असते, तरी काही किलोमीटरांत जंगल पार बदलते. असे का? आणि जागेवर हा फरक कसा अभ्यासावा?

उत्तर: आधी पायाखालची जमीन किती जुनी आहे आणि पाण्यापासून किती उंच आहे ते पाहा. पुष्कळसा उलगडा तिथेच होतो.

पेरूमधली मानू नदी घ्या. ती नागमोडी वाहते. वळणाचा बाहेरचा काठ कापते आणि आतल्या काठाला गाळ टाकते. या कोऱ्या गाळावर आधी टेसारियाची झुडपे येतात, मग जिनेरियम हे बोरूसारखे उंच गवत, त्यानंतर झपाट्याने वाढणारी सेक्रोपियाची झाडे. त्यांच्या सावलीत वड-उंबराच्या कुळातली झाडे आणि सेड्रेला वर सरकतात. काठापासून आत जावे तसे जंगल वयाने मोठे होत जाते. मात्र अनेक ठिकाणी ते पुरते जुने व्हायच्या आतच नदी वळण बदलून ते कापून नेते.

पुराचे पाणीही सगळीकडे एकसारखे नसते. ब्राझीलमधल्या मानाउस शहराजवळ नदीची पातळी वर्षाकाठी सुमारे १० मीटर वरखाली होते. सोलिमोइस (मानाउसच्या वरच्या भागातल्या ॲमेझॉनचे नाव) अँडीज पर्वतांतला ताजा, खनिजयुक्त गाळ आणते. त्यावरची झाडे जोमाने वाढतात. निग्रो नदी प्राचीन, धुऊन निघालेल्या जमिनीवरून येते. तिचे पाणी काळसर, आम्लधर्मी आणि जवळपास गाळाविना असते, म्हणून तिच्या काठची झाडे फार सावकाश वाढतात.

पूर पोहोचत नाही तिथेही फरक असतोच. मानाउसच्या उत्तरेला पठारांवर चिकणमाती आणि उंच जंगल, तर खालच्या दऱ्यांत वाळू, ओल आणि ताडवर्गीय झाडांची गर्दी. चिकणमातीतला फॉस्फरस लोह-ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी धरून ठेवलेला असतो, त्यामुळे माती खोल असली तरी सुपीक असेलच असे नाही.

जागेवर काम करताना नदीला काटकोनात रेषा आखा: काठ, पूरमैदान, जुना मंच (नदीने पूर्वी टाकलेल्या गाळाची, आता उंचावर राहिलेली सपाट पायरी), पठार. प्रत्येक भूरूपावर झाडे मोजायला वेगळे चौरस तुकडे आखून घ्या. फक्त ठराविक अंतराने घेतले, तर अरुंद पट्टे निसटतात. उतार आणि पठाराची माती एकत्र करू नका. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम आणि फॉस्फरस वेगवेगळे तपासा.

नकाशात हमखास होणारी चूक उंचीची आहे. फेब्रुवारी २००० मधल्या अवकाशयानाच्या रडार मोजणीत दाट जंगलात जमिनीची नव्हे, बरीचशी झाडांच्या छताची उंची येते. तोडलेला तुकडा त्यात चक्क खड्डा दिसतो. शिवाय समुद्रसपाटीपासूनच्या उंचीपेक्षा जवळच्या ओढ्यापासूनची उंची अधिक बोलकी असते. भूजल किती खोल असेल याचा अंदाज तिच्यावरून बांधता येतो.

शेकडो जातींची झाडे ओळखणे अवघड वाटले तर नेच्यांपासून सुरुवात करा. ते जमिनीलगत हाताशी सापडतात, आणि मातीचा कस बदलला की त्यांच्या जातीही ठळक बदलतात.