त्यांची पोतडी कोर्टात न्या

प्रश्न : वकीलताई, आमच्या इमारतीजवळच्या पुलाखाली एक आजोबा सात-आठ वर्षं राहतात. पावसाळ्यात छत्र्या दुरुस्त करतात, एरवी बॅगांच्या चेन बसवून देतात. गेल्या सोमवारी भिकारी पकडणाऱ्या गाडीने त्यांना उचलून नेलं. आम्ही त्यांना कधी हात पसरताना पाहिलेलं नाही. कुणी पोळीभाजी दिली तर घेतात, एवढंच. दिल्लीत हा कायदा कोर्टाने रद्द केला असं वाचलं होतं. मग आपल्याकडे कसा चालतो? आणि आम्ही शेजारी काय करू शकतो? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : अंक हातात पडेपर्यंत थांबायला नको म्हणून तुम्हाला फोनवर अर्धं सांगितलंच आहे. बाकीच्यांसाठी इथे लिहिते.

आधी ते "पोळीभाजी दिली तर घेतात, एवढंच" हे वाक्य. कोर्टात ते जपून बोला. 1959च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने मागणं आणि घेणं एकाच तागडीत टाकलंय. गाऊन, नाचून, भविष्य सांगून किंवा एखादी वस्तू विकायला पुढे करून मिळालेले पैसेही त्यात येतात. म्हणजे वासुदेव आला, नंदीबैलवाला आला, सिग्नलला पेनं विकणारी पोरगीही आली. (वासुदेवाला दारात सुपातून धान्य घालणाऱ्या राज्याने हे कलम लिहिलं, याचं मला अजून नवल वाटतं.) पण आजोबांना लागू होतं ते पुढचं पोटकलम. उपजीविकेचं दिसण्यासारखं साधन नाही, आणि हा माणूस भिकेवर जगत असावा असं वाटेल अशा अवस्थेत सार्वजनिक जागी फिरतोय किंवा थांबलाय, एवढंही पुरतं. मळके कपडे, वाढलेली दाढी, उशाला गाठोडं. हात पसरायची गरजच नाही. पकडायला वॉरंट लागत नाही, आणि 'भिकारी' ठरलं की भिक्षेकरी गृहात किमान एक वर्ष, जास्तीत जास्त तीन. पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत.

दिल्लीचं तुम्ही वाचलंत ते खरं आहे. हर्ष मंदर आणि इतरांच्या याचिकांवर दिल्ली हायकोर्टाने 8 ऑगस्ट 2018 रोजी भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं घटनाबाह्य ठरवली. दुसऱ्याला भीक मागायला लावणाऱ्याला शिक्षा देणारं कलम तेवढं ठेवलं. न्या. गीता मित्तल आणि न्या. हरी शंकर यांनी नेमकं दुखणं ओळखलं होतं : या व्याख्येला भिकारी आणि बेघर यांतला फरकच कळत नाही. पुढच्या वर्षी मित्तलबाई जम्मू-काश्मीरच्या मुख्य न्यायाधीश असताना तिथलाही असाच कायदा गेला. पण कायदा मूळचा मुंबई राज्याचा, दिल्लीने तो उसना नेलेला. त्यांनी आपल्या अंगावरचा तुकडा फाडला, मूळ ठाण आपल्या कपाटात तसंच आहे. दिल्लीचा निकाल इथल्या मॅजिस्ट्रेटना दाखवता येतो, तो त्यांना बांधत नाही.

सुप्रीम कोर्टात जुलै 2021 मध्ये रस्त्यावरच्या भिकाऱ्यांना करोनाकाळात हटवा अशी मागणी आली, तेव्हा न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने असा उच्चभ्रू दृष्टिकोन आम्ही घेणार नाही असं सुनावलं. त्यांचे वडील सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी 1985 मध्ये ओल्गा टेलिस खटल्यात मुंबईच्या फुटपाथवासीयांबद्दल लिहिलं होतं, की उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि नाइलाजाने फुटपाथवर राहणारा माणूस गुन्हेगारी हेतूने घुसलेला नसतो. निकाल वाचताना ऊर भरून येतो. मग शेवट येतो : रीतसर नोटीस देऊन हटवता येईल, फक्त पावसाळा जाऊ द्या, 31 ऑक्टोबरपर्यंत. हक्क मिळाला, जागा गेली.

हे सगळं मला तोंडपाठ आहे, म्हणूनच एकदा फसले. 2019ची गोष्ट. स्टेशनबाहेर चपला शिवणारा एक माणूस. मी उभी राहून पंधरा मिनिटं दिल्लीचा निकाल वाचला. मॅजिस्ट्रेट साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, याचा धंदा काय? दाखवा." त्याची रापी, आरी, दोऱ्याची गुंडी, सगळं गाडीत चढवताना फुटपाथवरच राहिलेलं. माझ्या हातात फक्त निकालाची झेरॉक्स. एक वर्ष लागलं त्याला. भिक्षेकरी गृहात भेटायला गेले तर त्याने पहिलं विचारलं ते आरीचंच.

म्हणून सांगते, आज पुलाखाली जा. आजोबांची पोतडी शोधा. पक्कड, तारा, छत्रीच्या काड्या, चेनचे रनर, जे असेल ते उचला आणि तारखेला कोर्टात न्या. कलमात 'दिसण्यासारखं साधन' असे शब्द आहेत ना, मग दिसू दे. ज्यांची कामं त्यांनी केलीत अशा दोघा-तिघांनी सोबत जा. आजोबांची परिस्थिती आणि प्रोबेशन अधिकाऱ्याचा (कोर्टासाठी चौकशी करणाऱ्याचा) अहवाल कोर्टाने पाहायचाच असतो, तेव्हा त्या अधिकाऱ्याला आधीच भेटा, तुमचं निवेदन त्याच्या हातात पडू दे. ऐकलं नाहीच, तरी ताकीद देऊन बंधपत्रावर सोडण्याची सोय कायद्यात आहे, ती मुद्दाम मागा. वकिलाची फी देऊ नका. अटकेत असलेल्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, मग त्याचं उत्पन्न कितीही असो.

सुटल्यावर ते कुठे जातील, असंही तुम्ही फोनवर विचारलंत. दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे एक निवारा हवा असा दंडक आहे, पालिकेत जाऊन बेघर निवाऱ्याची यादी मागा. पण आजोबांना विचारल्याशिवाय त्यांना तिथे नेऊन सोडू नका. त्यांचं गिऱ्हाईक पुलाखाली आहे.

आणि तुमच्या सासूबाईंनी त्यांच्याकडून दोन वर्षांपूर्वी काडी बदलून घेतलेली ती काळी छत्री. ती द्या सासूबाईंच्या हातात आणि त्यांनाच साक्षीला उभं करा.