पगार आणि पे, नातं आहे की योगायोग?

प्रश्न असा आलाय की आपला पगार आणि इंग्रजीतलं पे यांचं खरंच काही नातं आहे का, की नुसता प ला प जुळलाय. तर नातं आहे, अगदी सख्खं.

मूळ लॅटिन क्रियापद पाकारे, आणि ते आलं पाक्स म्हणजे शांतता, तह यातून. पाकारे म्हणजे शांत करणं. रोमन लोक हे बंडखोर प्रांतांबद्दलसुद्धा वापरायचे, म्हणजे आधी झोडपायचं आणि मग म्हणायचं की शांतता झाली :) पुढे मध्ययुगात त्याचा अर्थ सरकला, दारात बसलेल्या सावकाराला शांत करणं, म्हणजेच त्याचे पैसे देऊन टाकणं. इंग्रजीत तर सुरुवातीला पे चा अर्थ खूश करणं असाही होता.

आता उच्चाराचं बघा. स्पेन-पोर्तुगालकडे दोन स्वरांमधल्या क चा ग झाला, म्हणून पगार (मित्र या अर्थाचा आमिकुस तसाच आमिगो झाला), इटालियनमध्ये पागारे, आणि फ्रेंचांनी तो ग पण गिळून टाकला, उरलं पेये, तेच नॉर्मन लोकांमार्फत इंग्लंडात जाऊन पे झालं. मला सगळ्यात भारी वाटते ती रोमानियन. तिथे पैसे देण्याला स्लाव्ह भाषेतून आलेला वेगळाच शब्द आहे, आणि या घराण्यातलं अंपका म्हणजे समेट घडवणं, क सकट जुना अर्थ शाबूत!

आपल्याकडे तो आला पोर्तुगिजांबरोबर. 1510 ला गोवा, 1534 ला वसई त्यांच्या हातात गेली, मग चावी, बटाटा, लिलाव असे ढीगभर शब्द आले पण ती बहुतेक सगळी नामं. पगार मात्र त्यांच्याकडे क्रियापद, 'पैसे देणे', आणि आपण त्याचं नाम करून टाकलं. पेशवाईतल्या कागदांत यासाठी मुशाहिरा, रोजमुरा असले शब्द दिसतात, ते गेले आणि हा टिकला, इतका की मुंबईच्या हिंदीत पण तनख्वाह कमी आणि पगार जास्त ऐकू येतो.

आणि एकदा आपला म्हटल्यावर त्याला प्रत्यय लावायला कोण विचारतंय, पगारी, बिनपगारी सगळं चालतं. 'बिनपगारी फुल अधिकारी' मध्ये पगार पोर्तुगीज, फुल इंग्रजी, अधिकारी संस्कृत, आणि तरी म्हण शंभर टक्के मराठी.