पाळणाघर सुरू करतेयस? मग आधी हे ऐक

अगं, रंगीत भिंती आणि खेळणी नंतर बघ. आधी सोसायटीची लेखी परवानगी घे. मी ती तोंडी घेतली होती. खालच्या मजल्यावरच्या आजोबांची दुपारची झोप मोडली आणि महिनाभर मीटिंगा चालल्या.

सुरुवात चार-पाच मुलांपासून कर. रांगणारी असतील तर एका बाईकडे तीनपेक्षा जास्त देऊ नकोस, एका बाळाची शी धुताना दुसरं बाळ बादलीपाशी पोचलेलं असतं. मदतनीस ठेवशील तिची पोलीस पडताळणी करूनच घे, ओळखीतली असली तरी.

पैशाचं बोलायला लाजू नकोस. फी महिन्याच्या सुरुवातीला, सुट्ट्या धरून. उशीर झाला तर तासाचे वेगळे, हे पहिल्याच दिवशी कागदावर दे. फक्त लोकल बंद पडली तर नियम बाजूला ठेव. मी डोंबिवलीत आहे. २६ जुलै २००५ ला माझ्याकडे सहा मुलं रात्रभर होती, मुगाची खिचडी आणि मेणबत्ती. तेव्हापासून तांदूळ, दुधाची पावडर, जास्तीचे कपडे कायम घरात असतात.

ताप असलेलं मूल घ्यायचं नाही. आई दारात रडवेली होईल, तुलाही वाईट वाटेल, तरी नाही. आणि औषध आईने लिहून दिल्याशिवाय एक थेंबही नको.

जवळपास मोठं ऑफिस आहे का बघ. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीपासून पाळणाघराची सोय कायद्याने सक्तीची आहे. एचआरला भेटून ये.