आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी: हायब्रिड पिकअप ‘पी’मध्ये अडकतो तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डॅलसजवळ राहता, २०२२ सालचा सेकंडहँड हायब्रिड (पेट्रोल इंजिन अधिक विजेची मोटर) पिकअप घेतलाय, गिअरला गोल डायल आहे. दोन दिवस झाले, सकाळी स्क्रीन लागते, दिवे लागतात, पण ब्रेक दाबून डायल ‘डी’वर (ड्राइव्ह) नेला तरी गाडी ‘पी’मध्येच (पार्क). डीलर म्हणतो टो करून आणा, गिअरबॉक्स उघडावा लागेल. घरच्या घरी काही बघता येईल का?

येईल, आणि टो ट्रक बोलावण्याआधी बघाच. तुमचं वर्णन वाचून मला गिअरबॉक्सचा संशय सगळ्यात शेवटी येतो. पहिला संशय बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर, दुसरा ब्रेकच्या स्विचवर.

मी मेकॅनिक नाही, हे आधीच सांगून टाकतो. डेट्रॉइटच्या बाजूला गाड्यांच्या वायरिंगच्या कामात आहे आणि तीन वर्षं स्वतः हायब्रिड पिकअप चालवतोय. (ट्रक घेतला म्हणून घरी फोन केला तर आई म्हणाली, “नोकरी सोडून मालवाहतूक धरलीस की काय?” इथे पिकअपलाच ट्रक म्हणतात, हे तिला अजून पटलेलं नाही.)

जुन्या गाडीत गिअरचा दांडा थेट केबलने गिअरबॉक्सला जोडलेला असायचा. तुमच्या डायलच्या मागे केबल नाही, नुसत्या वायरी आहेत. म्हणजे डायल फिरवून तुम्ही गिअर टाकत नाही, फक्त अर्ज करता. मंजूर करायचा की नाही ते कॉम्प्युटर ठरवतो. सातबाऱ्यावर फेरफाराची नोंद करून घेतली असेल तर हा प्रकार ओळखीचा वाटेल: कागद तलाठ्याकडे, वारस सगळे हजर, आणि एका सहीपायी नोंद महिनाभर अडलेली. इथेही ब्रेक दाबलाय का, गाडी खरोखर चालू आहे का, किल्ली आत आहे का, दार लागलंय का, व्होल्टेज पुरेसं आहे का, अशा सह्या लागतात. त्यातली ब्रेकची तर अमेरिकेत कायद्याने सक्तीची आहे. १ सप्टेंबर २०१० पासून बनलेली, १०,००० पौंडांपर्यंतची कुठलीही ऑटोमॅटिक गाडी ब्रेक दाबल्याशिवाय ‘पी’मधून निघता कामा नये. गाडीत खेळणाऱ्या लहान मुलांनी दांडा ओढला आणि गाडी घरंगळली, अशा अपघातांनंतर हा नियम आला.

तेव्हा कुठली सही राहिलीय ते शोधायचं.

आधी डॅशबोर्डवर नीट बघा. ‘रेडी’ हा शब्द किंवा छोट्या गाडीचं हिरवं चिन्ह दिसतंय का? स्क्रीन लागली, रेडिओ वाजला, एसीचा पंखा फिरला म्हणजे गाडी चालू झाली असं नाही. हायब्रिड चालू झाली तरी इंजिनाचा आवाज येईलच असं नसतं, त्यामुळे फसायला होतं. ब्रेक अर्धवट दाबून बटण दाबलं तर नुसता ‘ॲक्सेसरी’ मोड लागतो, दिवे सगळे लागतात आणि डायल मात्र हूं की चूं करत नाही. गाडी बंद करा, पाय जोरात रोवून ब्रेक दाबा आणि मग बटण दाबा. ब्रेकखाली रबरी मॅट सरकून आलेली नाही ना, तेही बघा. हसू नका, माझ्या बायकोने एकदा तेवढ्यावरच माझी अर्धा तासाची डोकेफोड संपवली होती.

‘रेडी’ येतच नसेल तर बॅटरीकडे वळा. हायब्रिडमध्ये दोन बॅटऱ्या असतात आणि लोकांचा घोटाळा तिथेच होतो. मोठी बॅटरी गाडी हलवायला मदत करते. ती नावालाच मोठी. फोर्ड मॅव्हरिक हायब्रिडमध्ये साधारण १.१ किलोवॉट-अवर, एफ-१५० पॉवरबूस्टमध्ये १.५. महावितरणच्या बिलाच्या भाषेत एक-दीड युनिट. पण तिचा दाब शेकडो व्होल्ट असतो, म्हणून गाडी बंद केली की रिले (विजेवर चालणारे स्विच) उघडतात आणि तिचा बाकीच्या गाडीशी संबंध तुटतो. ते रिले परत जोडायचे आणि सगळे कॉम्प्युटर उठवायचे तर वीज लागते ती छोट्या, बारा व्होल्टच्या बॅटरीची. घरात धान्याची कोठी भरलेली, पण किल्ली धाकट्या जावेच्या कमरेला. जाऊबाई आजारी पडल्या की घर उपाशी.

माझ्यावर हीच वेळ आली होती. जानेवारीत तीन आठवडे पुण्याला जाऊन आलो. ट्रक बाहेर, थंडी उणे पंधराची. परत आल्यावर दार उघडलं, स्क्रीन लागली, हेडलाइट लागले. म्हटलं बॅटरी ठणठणीत आहे. पण डायल फिरवला की ‘पी’चा दिवा लुकलुकायचा आणि शिफ्टरमध्ये (म्हणजे त्या डायलमध्येच) बिघाड असल्याचा संदेश यायचा. एका सर्व्हिस सेंटरला फोन केला (नाव राहू द्या), तर तिथल्या माणसाने गाडी न बघता शिफ्टरचा अख्खा भाग बदलण्याचा अंदाज सांगितला, हजार डॉलरच्या वर. फोन ठेवला आणि कपाटातून व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर काढला. गाडी बंद असताना बॅटरी ११.७ व्होल्ट. पाय ब्रेकवर ठेवून बटण दाबलं तर आकडा नऊच्या घरात घसरला. स्क्रीन आणि दिव्यांना फारशी वीज लागत नाही, ते मरत्या बॅटरीवरही लागतात. पण बटण दाबताच डझनभर कॉम्प्युटर एकदम जागे होतात, ब्रेकचा इलेक्ट्रिक पंप फिरू लागतो आणि बॅटरी बसकण मारते. मग जो कॉम्प्युटर आधी कोलमडतो तो आपलं गाऱ्हाणं स्क्रीनवर लिहितो, आणि आपण त्याचं औषध करत बसतो. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

वीज खाणारा चोर कोण होता? मीच हौसेने लावलेला डॅशकॅम, पार्किंगमध्येही जागा राहणारा.

तुम्ही हेच माप घ्या. मल्टिमीटर पंधरा-वीस डॉलरला मिळतो. गाडी तासभर बंद असू द्या आणि मग मोजा. १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्म्यावर, बाराच्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मग बटण दाबताना घरच्या कुणाला तरी आकड्यावर नजर ठेवायला सांगा. आकडा दहाच्या खाली आपटत असेल तर चोर सापडला. थंडी बॅटरीचं दुखणं उघडं पाडते, पण ते लावून देतो उन्हाळा. टेक्सासच्या उन्हात २०२२ ची मूळ बॅटरी आतापर्यंत थकली असेल तर नवल नाही. आधीच्या मालकाने ती बदलली होती का, हेही विचारून घ्या.

बॅटरी उतरलेली निघाली तर जंप द्या, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला चिमट्यांच्या केबलने जोडून आपली गाडी उठवा. ते करताना दोन गोष्टी सांभाळा. एक, जाड नारिंगी वायरींना हात लावायचा नाही, त्या मोठ्या बॅटरीच्या आहेत. दुसरी, काळा चिमटा थेट बॅटरीच्या ऋण टोकावर लावू नका. तिथे बहुतेक नव्या गाड्यांत बॅटरीचा हिशेब ठेवणारा सेन्सर असतो, त्याला वगळून वीज आत गेली की त्याचा हिशेब चुकतो. मॅन्युअलमध्ये जंपसाठी खास जागा दाखवलेली असते. ती नसेल तर बॉनेटखालच्या उघड्या धातूवर लावा. बॅटरी स्वतः कुठे आहे तेही मॅन्युअलमध्येच बघा, काही गाड्यांत ती बॉनेटखाली नसतेच. लाल-काळा चिमटा लावून पाच-दहा मिनिटं थांबा, घाई करू नका. ‘रेडी’ आलं की मोठी बॅटरीच छोटीला चार्ज करू लागते आणि मल्टिमीटर साडेतेराच्या वर जातो. तेव्हा डायल फिरवा. सुटला ‘पी’? मग तशीच गाडी ऑटोझोनसारख्या दुकानात न्या, तिथे बॅटरी फुकट तपासून देतात.

आता समजा बॅटरी चांगली आहे, ‘रेडी’ही येतं, तरी गाडी हलत नाही. मग ब्रेकचा स्विच. मागे कुणाला तरी उभं करा (एकटे असाल तर फोनवर व्हिडिओ लावून फोन मागे ठेवा) आणि ब्रेक दाबा. तिन्ही ब्रेकलाइट लागले पाहिजेत. एकही लागत नसेल तर पेडलजवळचा स्विच किंवा त्याचा फ्यूज गेलाय. तुमचा पाय ब्रेकवर आहे हे गाडीला कळतच नाही. फ्यूजला दीड-दोन डॉलर. स्विचही फार महाग नसतो, पण पेडलखाली डोकं घालून बदलायला मान वाकडी करावी लागते. दिवे लागतात म्हणजे स्विच निर्दोष असं मात्र धरून चालू नका. बऱ्याच गाड्यांत त्यात दोन सर्किटं असतात आणि एक मेलं तरी दुसरं दिवे लावत राहतं. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावला आणि ‘पी०५७१’ दिसलं तर तो ब्रेक स्विचच्या सर्किटचा कोड आहे. ‘पी०५६२’ म्हणजे व्होल्टेज कमी, म्हणजे परत वरच्या बॅटरीच्या पुराणाकडे. ‘यू’ने सुरू होणाऱ्या कोडांची रांग दिसली तर घाबरू नका, व्होल्टेज पडलं की कॉम्प्युटर एकमेकांशी बोलायचे थांबतात आणि प्रत्येकजण शेजाऱ्याची तक्रार नोंदवतो. बॅटरी ठीक करा, कोड पुसा, मग परत येतात का ते बघा.

ट्रक उतारावर उभा आहे का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. ‘पी’ म्हणजे गिअरबॉक्सच्या आत एका दातेरी चक्रात अडकलेली खिट्टी. हँडब्रेक न लावता गाडी उतारावर ‘पी’मध्ये टाकली की सगळा भार त्या खिट्टीवर येतो, आणि मागे ट्रेलर असेल तर विचारू नका. अशी दाबून बसलेली खिट्टी सोडवायला मोटर कमी पडू शकते. मग दोघा-तिघांनी बाजूला उभं राहून गाडी चढाच्या दिशेला जराशी रेटायची आणि त्याच क्षणी डायल फिरवायचा. ‘खट्ट’ असा मोठा आवाज येऊन ती सुटते. (गाडीच्या खालच्या बाजूला कुणी उभं राहू नका, आणि आत बसलेल्याचा पाय ब्रेकवर हलका टेकलेला हवा, खिट्टी सुटताच जोरात दाबायला तयार.) पुढच्या वेळी उतारावर आधी ‘एन’ (न्यूट्रल), मग पार्किंग ब्रेक, मग पायाचा ब्रेक सोडून गाडीला त्यावर टेकू द्या आणि सगळ्यात शेवटी ‘पी’.

बाकी किरकोळ. डायल फिरतो, क्षणभर ‘डी’ दिसतं आणि गाडी आपोआप ‘पी’वर परत येते असं होत असेल तर दार आणि सीटबेल्ट बघा, डायलवाल्या पुष्कळ गाड्या दार उघडं आणि बेल्ट सुटलेला दिसला की ड्रायव्हर उतरतोय असं समजून स्वतःच ‘पी’ टाकतात. दार लागलेलं असून डॅशबोर्ड उघडं दाखवत असेल तर कुलपातला सेन्सर बिघडलाय. किल्लीतला सेल संपला असेल तर तो दोन-चार डॉलरला बदला. डायलवर कधी चहा-कोक सांडलाय का? आणि बॉनेट उघडून उंदरांच्या लेंड्या दिसतात का बघा. गणपतीबाप्पाचं वाहन आपल्या वाहनाच्या वायरी फार आवडीने खातं, माझ्या कामात हे मी नेहमी बघतो.

काहीच जमलं नाही आणि गाडी हलवणं भागच असलं, तर मॅन्युअलमध्ये ‘पी’ हाताने सोडवायची सोय शोधा. कुठे दांड्याजवळ छोटं झाकण असतं, कुठे स्टिअरिंगखाली ओढायचा पट्टा. पण आधी चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा, मगच तो पट्टा ओढा. खिट्टी सुटली की दोन हजार किलोचा ट्रक मोकळा झाला, आणि बॅटरी मेलेली असेल तर इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेकही लागणार नाही. सपाट जागा नसेल तर हा उद्योग करूच नका.

टो लागलाच तर फ्लॅटबेडच मागवा, म्हणजे गाडी पाठीवर चढवून नेणारा सपाट ट्रक. ‘पी’त अडकलेला ट्रक फरफटत ओढला तर आज नसलेला गिअरबॉक्सचा बिघाड उद्या खरोखर होईल. डीलरकडे जाण्याआधी काचेच्या कोपऱ्यातला सतरा अक्षरी व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) एनएचटीएसए या अमेरिकी सरकारच्या वाहनसुरक्षा खात्याच्या साइटवर टाकून रिकॉल आहे का बघा, म्हणजे कंपनीने दोष सापडून तुमच्या मॉडेलच्या गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्यात का. रिकॉलचं काम फुकट होतं, गाडी सेकंडहँड असली तरी. हायब्रिडच्या खास भागांची वॉरंटी बहुतेक कंपन्यांत आठ वर्षांची असते आणि ती मालकाबरोबर नाही, गाडीबरोबर जाते. म्हणजे गिअरबॉक्स खरंच गेला असला तरी पाकीट काढायची घाई नको.

आज संध्याकाळी दोनच गोष्टी करा: बटण दाबण्याआधीचा आणि दाबतानाचा व्होल्टेजचा आकडा, आणि ब्रेकलाइट लागतात की नाही. दोन्ही इथे खाली लिहा, गाडीची कंपनी आणि मॉडेलही लिहा. मग पुढचं बघू.