मोजणी शिकवू लागताना
मूल १ ते १० घडाघडा म्हणते, म्हणजे त्याला मोजता येते असे कृपया समजू नका. पाच बटणे ओळीने मांडा, एकेक बटण बाजूला सरकवत मोजायला सांगा आणि लगेच ‘एकूण किती?’ असे विचारा. मूल पुन्हा एकपासून सुरुवात करू लागले, तर शेवटी उच्चारलेली संख्या हीच एकूण संख्या असते, हे त्याला अजून उमगलेले नाही. अशा वेळी घाई न करता तीनपर्यंतच थांबावे. दोन-तीन ठिपके न मोजता नजरेनेच ओळखण्याचा खेळ रोज घ्यावा, मात्र ठिपक्यांची मांडणी बदलत राहावी, नाहीतर मूल संख्येऐवजी आकृतीच पाठ करते. लिहिलेले अंक त्यानंतर. १ आणि ९ दिसायला सारखे, म्हणून ते एकाच दिवशी मुळीच दाखवू नका.