‘एखाद्या आठवड्यात नाही गेले तर?’

प्रश्न : मॅडम, मी विद्यापीठात पहिल्या वर्षाला आहे. घरी असताना रोजची प्रार्थना, सणवार सगळं आपोआप व्हायचं. आईची हाक आली की मी जाऊन बसायची. वसतिगृहात आल्यापासून ते पार सुटलं आहे आणि मला ते खटकतं. इथे विद्यार्थ्यांचे दोन-तीन धार्मिक गट आहेत. त्यातल्या एका गटातली सीनियर ताई फार आपुलकीने वागते, पण फोन रोज करते. आणि खरं सांगायचं तर माझी श्रद्धा तेवढी पक्की आहे का, हेही मला ठाऊक नाही. अभ्यास मागे पडेल, रूममेट हसतील, अशीही भीती वाटते. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक

उत्तर : आधी त्या ताईच्या फोनचं बघू, बाकीचं त्यामानाने सोपं आहे.

मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून माझी बरीच वर्षं गेली. पहिल्या सत्रात घरच्या आठवणीने कोमेजलेल्या मुलीच्या खोलीवर सगळ्यात आधी कोण जातं, ते मी पाहिलं आहे. बहुतेक वेळा धार्मिक गटातल्या मुलीच जातात. तापाने पडलेलीला डबा नेऊन देणं, रात्री-अपरात्री दवाखान्यात सोबत बसणं हे त्या करतात, आणि त्याचं मला मनापासून कौतुक आहे. पण याच आपुलकीच्या जोरावर पोरींना बांधून घालणारेही मी पाहिले आहेत. अशाच एका गटाच्या प्रमुखाकडे हजेरीची वही असे. नावापुढे तारीख, आणि गैरहजर असलं तर कारणासाठी वेगळा रकाना. आमची एक मुलगी १०२ ताप असताना पांघरुणात तोंड खुपसून, त्या रकान्यात ‘आजारी’ लिहिलेलं चालेल का, असं मला विचारत होती. बाईसाहेब अभियांत्रिकीला होत्या, वर्गात पहिल्या पाचात!

म्हणून एका आठवड्यात जाऊच नकोस. मुद्दाम. कारणही कळवू नकोस, आणि पुढे काय होतं ते बघ. ‘काल दिसली नाहीस, बरी आहेस ना?’ एवढाच मेसेज आला तर माणसं चांगली आहेत, खुशाल जात राहा. पण ‘देवासाठी तासभर निघत नाही का?’ असा टोमणा, मग दुसरीचा फोन, मग तिसरी थेट खोलीच्या दारात, असं सुरू झालं तर वेळीच काढता पाय घे. घरच्यांपासून काही लपवायला सांगणं, जुन्या मैत्रिणींना ‘वाईट संगत’ ठरवणं, पहिल्या महिन्यातच पैशांचा विषय काढणं, यातलं काहीही दिसलं तर आठवडाभर वाट पाहायचीही गरज नाही. ताईला आजच सांगून टाक : ‘ताई, मी जमेल तशी येईन, पण रोज फोन नको.’ तिला तुझी खरी काळजी असेल तर ती रागावणार नाही.

श्रद्धा पक्की आहे का, याचा निकाल लागेपर्यंत थांबलीस तर पदवी हातात पडेल तरी तू दारातच उभी असशील. हार्वर्ड विद्यापीठात विद्यार्थ्यांना धार्मिक आणि मानसिक आधार देणारे चॅप्लिन असतात, वेगवेगळ्या धर्मांचे. २०२१ साली त्या सगळ्यांनी मिळून आपला अध्यक्ष निवडला तो ग्रेग एपस्टीन यांना, आणि हे गृहस्थ स्वतः निरीश्वरवादी! तिथे ते चालतं, तर तुझ्या मनातल्या दोन शंकांनी कुणाचं काही बिघडणार नाही. उलट शंका विचारल्यावर गटातल्या कुणाचा चेहरा पडतो, तेही कळेल.

आता अभ्यास. तो प्रार्थनेमुळे मागे पडल्याचं मी कधी पाहिलं नाही. तो बुडतो उत्सवाच्या तयारीत, बैठकांमध्ये आणि रात्री दोनपर्यंत वाजणाऱ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये. तेव्हा पहिल्या वर्षी खजिनदार, समन्वयक असलं कुठलंही पद घेऊ नकोस, कितीही गळ घातली तरी. त्यापेक्षा खुर्च्या मांडायचं, नंतर झाडून घ्यायचं काम माग. सोबत खराटा धरणाऱ्या मुलींशी ज्या गप्पा होतात, त्यांतून गट जास्त कळतो.

आणि सणांच्या तारखा सत्राच्या सुरुवातीलाच परीक्षेच्या वेळापत्रकाशेजारी लिहून ठेव. रमजान दरवर्षी साधारण १०-११ दिवस अलीकडे सरकतो, पाश्चात्त्य चर्चचा ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांत कधीही येतो, अधिक महिना आला की आपले सण पुढे जातात. गेल्या वर्षी सीनियरना अडचण आली नाही म्हणून तुला येणार नाही, असं नाही. तारखा आदळत असतील तर विभागप्रमुखांना महिनाभर आधी अर्ज दे. आदल्या संध्याकाळी ‘सर, उद्या सण आहे’ म्हणत येणाऱ्यांना काय उत्तर मिळतं, ते न सांगितलेलंच बरं.

गटात जायलाच हवं असंही नाही, बरं का. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये, जिथे दिवसरात्र यंत्रं आणि गणितं चालतात, १९५५ सालचं एक प्रार्थनागृह आहे. एरो सारिनेन या वास्तुरचनाकाराचं. विटांची गोल इमारत, आत वरच्या झरोक्यातून येणारा उजेड, आणि कुठल्याही एका धर्माची मालकी नाही. ज्याला जसं बसायचं तसं त्याने बसावं. तुझ्या विद्यापीठात अशी शांत खोली आहे का, ते विद्यार्थी कल्याण विभागात विचार. नसली तर तुझी खोली आहेच. घरी जे दहा मिनिटं व्हायचं, तेवढंच कर. वाढवायला जाऊ नकोस, नाहीतर पंधरवड्यात बंद पडेल. हाक मारायला आई नाही, तर गजर लाव.

रूममेट हसतील, हो. दोन-चार दिवस. त्यांच्या झोपेत तीनदा गजर वाजवलास तर मात्र हसणार नाहीत, भांडतील, आणि मी रेक्टर असते तर त्यांचीच बाजू घेतली असती. फोन व्हायब्रेटवर ठेवून उशीखाली ठेव.