नेत्याच्या मागे चालणारा कॅमेरा

प्रश्न : राजकीय नेत्यांवरचे बहुतेक माहितीपट स्तुतिपाठच वाटतात. नेत्याच्या संमतीनेच चित्रीकरण होत असताना दिग्दर्शकाने स्वतंत्र नजर राखावी तरी कशी?

उत्तर : यासाठी १९६० सालचा ‘प्रायमरी’ हा अमेरिकी माहितीपट आवर्जून पाहावा. डेमोक्रॅटिक पक्षाकडून राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळवण्यासाठी विस्कॉन्सिन राज्यात जॉन केनेडी आणि ह्यूबर्ट हम्फ्री यांच्यात झालेली लढत रॉबर्ट ड्र्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हातात धरून फिरता येईल अशा हलक्या कॅमेऱ्यांनी टिपली आणि निवेदन अगदी मोजके ठेवले. गर्दीतून वाट काढणाऱ्या केनेडींच्या मागोमाग अल्बर्ट मेझल्स यांनी उंच धरलेला कॅमेरा सरकत राहतो, तेव्हा प्रेक्षकालाही त्या रेटारेटीत शिरल्यासारखे वाटते. मला मात्र त्याहून मोलाचे वाटते ते दुसरे दृश्य : केनेडींच्या पत्नी जॅकलीन सभेत बोलत असतात आणि कॅमेरा त्यांच्या पाठीमागे धरलेल्या हातांवर, हातमोज्यांतल्या अस्वस्थ बोटांवर स्थिरावतो. चेहऱ्यावर न दिसणारा ताण तिथे उघड होतो, आणि तो टिपण्यासाठी टीकेचा एक शब्दही उच्चारावा लागत नाही. दोन प्रतिस्पर्ध्यांना एकाच चित्रपटात घेतल्यामुळे तुलना आपोआप घडते, हाही या मांडणीचा मोठा लाभ आहे.

अर्थात, कॅमेरा समोर आहे हे उमेदवारांना ठाऊक होतेच; म्हणून चित्रीकरणाची परवानगी मागतानाच संकलनाचा अंतिम अधिकार दिग्दर्शकाकडे राहील, हे लेखी ठरवून घ्यावे.